तुंगारेश्वरची वाट

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे 104 चौरस किलोमीटर असले, तरी तिथल्या बिबट्याचे जग कुंपणाशी संपत नाही; दक्षिणेला तो गोरेगावच्या आरे वसाहतीत उतरतो, आणि उत्तरेला घोडबंदर रस्ता व वसईची खाडी ओलांडली की नागल्याचे रान, त्यापुढे चिंचोटी–भिवंडी रस्ता आणि दिवा–वसई रेल्वेमार्गापलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य लागते. दोन अधिवासांना जोडणाऱ्या अशा पट्ट्याला संचारमार्ग म्हणतात. एका बाजूने अंधेरी ते दहिसर आणि दुसऱ्या बाजूने मुलुंड ते ठाणे वस्ती भिडलेली असल्याने, बाहेरच्या मोठ्या जंगलाशी नाते टिकवणारी वाट ती उत्तरेचीच. ती बुजली, तर वयात आलेल्या नराला नवे क्षेत्र मिळणार नाही आणि पिढ्यांमागून पिढ्या आप्तांतच प्रजनन होऊन बिबट्यांचा वंश दुबळा होईल.

ही वाट नुसती नकाशावरची नाही. रेडिओ कॉलर लावून 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईलगतच्या या रानापर्यंत पोहोचला, आणि 2011 मध्ये रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला.

तरीही रस्ते आणि रेल्वेमार्ग आखताना अशी वाट क्वचितच हिशेबात धरली जाते. प्रकल्पाने निसर्गाचे काय नुकसान होईल, याचा आगाऊ अंदाज म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकन. त्यासंबंधीच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत रेल्वेमार्गांचा समावेशच नाही. व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या पट्ट्यांना वन्यजीव कायद्याने खास संरक्षण दिले आहे, मात्र बोरिवलीचे उद्यान व्याघ्र प्रकल्प नसल्याने ते इथे लागू होत नाही. जिथे मूल्यांकन होते, तिथेही हिशेब बहुधा तोडायची झाडे आणि वळवायची वनजमीन यांचा असतो; रस्ता, रूळ, गोदाम यांचे प्रस्ताव सुटे तपासले जातात, आणि प्रत्येक प्रस्ताव एकटा पाहिला तर निरुपद्रवीच वाटतो.

वास्तविक जनावराच्या दृष्टीने प्रश्न फार बारीक असतो: रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडचा उजेड दिसतो का, तोंडाशी भरावाचा ढीग किंवा कुंपणाची भिंत आहे का, रात्री तिथे दिवे जळतात का. गोरेगाव–मुलुंड आणि ठाणे–बोरिवली रस्ते उद्यानाखालून बोगद्याने नेण्याचे ठरले, ही चांगलीच गोष्ट आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ महामार्गाखाली प्राण्यांसाठी ठेवलेल्या नऊ मार्गांमधून वाघांसह अनेक प्राणी जा-ये करतात, हे कॅमेऱ्यांनी दाखवले आहे. म्हणजे उपाय ठाऊक आहेत, फक्त ते आराखड्याच्या आधी विचारात घ्यावे लागतात. नागला ते तुंगारेश्वर या पट्ट्याचा एक अधिकृत नकाशा करून, तिथल्या प्रत्येक नव्या प्रस्तावाला, मग तो रेल्वेचा का असेना, आधीच्या सर्व अडथळ्यांसह तपासणे शासनाने आता बंधनकारक करावे.