कुंपणास कोणते झुडूप लावावे?

परदेशी बागकामाच्या पुस्तकांत कुंपणाच्या झुडपांची निवड हिमाच्या कसोटीवर केलेली आढळते. युरोपात ते योग्यच होय. आमचे बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच असल्याने पौष-माघात येथेही गारठा पडतो. परंतु त्याने झुडूप मरत नाही. ते मरते वैशाखाच्या कोरड्या उन्हाने, नाहीतर शेजारच्या शेळीने. यास्तव हे झुडूप पाण्यावाचून उन्हाळा काढील काय, शेळी त्यास तोंड लावील काय आणि घरच्या लेकरांस त्यापासून अपाय होईल काय, हे तीन प्रश्न विचारावेत.

तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. शेर पहिल्या दोन्ही कसोट्यांस उतरतो. तथापि एका घरी त्याची फांदी मोडताना उडालेला चीक मुलाच्या डोळ्यांत गेला, तेव्हाचा त्याचा आक्रोश आम्ही विसरलो नाही. असे घडल्यास डोळा तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा व डॉक्टरांकडे न्यावे. मोगली एरंडाच्या बिया मुलांनी खाल्ल्यास विषबाधा होते. घाणेरीचा पाला गुरांस विषारी असून ती रानभर पसरते. ही तिन्ही घराजवळ नकोत.

मग लावावे काय? अडुळसा आणि निर्गुडी. दोहोंचा पाला उग्र असल्याने शेळ्या सहसा खात नाहीत. ओढ्याकाठच्या जमिनीस निर्गुडी विशेष मानवते. खानापूरकडून निपाणी-चिकोडीकडे येता पाऊस ओसरतो. तिकडे पाणी तुंबत नाही अशा अंगणाभोवती मेंदी शोभते. शेताच्या दूरच्या कडेस काटेरी सागरगोटा चालेल.

मृगाचा पाऊस पडताच फूटभर खोल चर खणून, शेणखत घालून, अडुळसा-निर्गुडीची छाटे दोन ओळींत, एकाआड एक, फूटभर अंतराने लावावीत. पहिल्या वर्षी शेंडे खुडण्यास कचरू नये. त्यावाचून बुडाशी फांद्या फुटत नाहीत आणि शेळीस तेथूनच वाट मिळते. पुढे छाटताना कुंपण खाली रुंद व वर निमुळते ठेवावे, म्हणजे खालच्या पानांस ऊन मिळते.

एक गोष्ट मात्र चर खणण्यापूर्वीच करावी. शेजाऱ्यास बोलावून हद्द दोघांनी मिळून पाहावी आणि झुडपाच्या वाढीसाठी हातभर जागा आपल्याच बाजूस सोडावी. हातभर बांधापायी भाऊ भावाशी बोलेनासा झालेला आम्ही पाहिला आहे. कुंपण शेळीस अडविण्यासाठी असते, शेजाऱ्यास नव्हे.