वाळूत गाडी घालण्याआधी एवढं वाचाच!

यूएईतल्या मित्रांनो, थंडी पडली की लिवाच्या वाळूच्या टेकड्या खुणावू लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे काही नियम:

🔸 हवा: टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. निम्मं काम इथेच होतं.

🔸 गिअर: फोर-व्हील ड्राइव्हचा ‘फोर-हाय’ बहुतेक वेळ पुरतो, कारण वाळूत वेग टिकवायचा असतो. ‘फोर-लो’ तीव्र उतारासाठी आणि रुतलेली गाडी काढण्यासाठी. सेंटर डिफरन्शियल लॉक असेल तर लावा. ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवा, नाहीतर ऐन चढावर ते इंजिनाची ताकद कापतं.

🔸 चढ-उतार: टेकडीवर सरळ चढा, सरळच उतरा. आडवी घातलेली गाडी उलटते. माथ्याजवळ अ‍ॅक्सिलरेटर सोडा, पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. चढ जमला नाही तर वळू नका, आल्या चाकोरीतून सरळ मागे या.

🔸 थांबताना: ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या. तोंड उताराकडे ठेवा.

🔸 रुतली तर: रेस वाढवू नका, चाकं आणखी खोल जातात. फावड्याने वाळू काढा, हवा आणखी थोडी उतरवा आणि हळू मागे घ्या.

डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरा. आणि एकट्या गाडीने वाळवंटात कधीही जाऊ नका. सोबत दुसरी गाडी आणि भरपूर पाणी हवंच!