कोटा गेला, जकातही गेली : कपड्यांच्या घरगुती धंद्याचे गणित

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार, ज्याला सगळे ‘एक्टा’ म्हणतात, २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला आणि भारतातून येणाऱ्या तयार कपड्यांवरची ५ टक्के जकात शून्यावर आली. तेव्हापासून दिवाळी मेळाव्यातल्या स्टॉलवर आणि कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जमलेल्या मैत्रिणींत एक प्रश्न वरचेवर निघतो : आता मुंबईहून, सुरतेहून कुर्ते-साड्या आणून विकल्या तर सुटतात का? साठवलेले आठ-दहा हजार डॉलर या धंद्यात घालण्यापूर्वी कपड्यांचा व्यापार इथवर कसा आला हे थोडे समजून घेतलेले बरे. पाच टक्क्यांच्या सवलतीचे मोल त्याशिवाय कळत नाही.

१९७३ साली व्हिटलम सरकारने सर्वच आयात जकात एका फटक्यात चतुर्थांशाने कमी केली. बाहेरचा कपडा भराभर येऊ लागला, इथल्या शिलाई कारखान्यांतल्या नोकऱ्या जाऊ लागल्या, आणि सरकारला लगेचच कपड्यांवर कोटा बसवावा लागला. कोटा म्हणजे रेशनचाच प्रकार. ठरलेल्या संख्येइतके कपडे नेहमीची जकात भरून आणता येत, त्यापुढच्या मालावर इतकी जबर आकारणी की तो आणणे परवडूच नये. साहजिकच कोट्याच्या कागदाला स्वतःची किंमत आली. पुढे तर काही कोटा सरकारच निविदा मागवून विकू लागले. शर्टाच्या किमतीत कापड, शिलाई, भाडे यांच्या जोडीला त्या कागदाचाही पैसा असे आणि तो शेवटी गिऱ्हाईकच भरी.

मार्च १९९१ मध्ये हॉक सरकारने ही पद्धत लवकर गुंडाळायचे ठरवले आणि १ मार्च १९९३ पासून कोटा संपला. राहिली जकात. तीही पायरीपायरीने उतरली : २००० साली २५ टक्के, २००५ मध्ये साडेसतरा, २०१० मध्ये १० आणि २०१५ मध्ये ५.

अमेरिका आणि युरोप यांचे कोटे त्यानंतरही बरीच वर्षे टिकले. १९७४ च्या बहुतंतू करारानुसार प्रत्येक निर्यातदार देशाला प्रत्येक जातीच्या कपड्यासाठी वेगळी मर्यादा होती. भारतात तो कोटा निर्यातदारांत वाटला जाई, आणि कोट्याच्या कागदांची खरेदी-विक्री हा मुंबई-दिल्लीत एक उपधंदाच होता. एका देशाचा कोटा भरला की खरेदीदार दुसऱ्या देशात जाई. बांगलादेशचा शिलाई धंदा मूळ धरू शकला तो बराचसा याच कारणाने. हे सारे कोटे १ जानेवारी २००५ रोजी उठले.

तेव्हा भारतात केवढ्या आशा होत्या! जागतिक व्यापार संघटनेच्या २००४ च्या एका अभ्यासात असा अंदाज होता की, कोटे गेल्यावर अमेरिकेच्या कपडे-आयातीत चीनचा वाटा निम्म्यापर्यंत जाईल आणि भारताचा ४ वरून १५ टक्क्यांवर. चीन खरोखरच उसळला. इतका, की त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात युरोपच्या बंदरांत चिनी स्वेटर, पँटी आणि अंतर्वस्त्रे यांचे ढीग अडकून पडले आणि युरोप-अमेरिकेला चीनपुरते काही निर्बंध पुन्हा घालावे लागले. भारत मात्र त्या १५ टक्क्यांच्या जवळपासही पोचला नाही. बांगलादेश आणि व्हिएतनाम आज आपल्यापेक्षा जास्त तयार कपडे निर्यात करतात.

मजुरी काही आपल्याकडे फार महाग नव्हती. पण २००१ पर्यंत तयार कपडे हा लघुउद्योगांसाठी राखीव धंदा होता. मोठा कारखाना काढायला वाव नव्हता, आणि कोट्याच्या काळात तशी निकडही भासली नाही, कारण कागद हाती असला की गिऱ्हाईक पक्के. कोटा गेल्यावर जगातले मोठे खरेदीदार दहा देशांत पसरलेली खरेदी दोन-चार देशांत आणू लागले. त्यांना एकाच छपराखाली हजारो शिलाई यंत्रे हवी होती, लाखभर नग एकाच तारखेला बंदरावर हवे होते. आपली शंभर यंत्रांची युनिटे त्यात बसेनात. शिवाय गरीब देश म्हणून बांगलादेशच्या मालाला ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००३ पासूनच जकात माफ केली होती. म्हणजे तो देश ज्या रांगेत वीस वर्षे उभा आहे, त्या रांगेत भारत २०२२ च्या अखेरीस आला.

याची झळ इथेही बसली. सिडनीत वेंटवर्थव्हिल आणि पेंडल हिल या भागांत आज आपली कितीतरी कुटुंबे राहतात. तिथेच बाँड्स कंपनीचा बनियन-गंजिफ्रॉकांचा जुना कारखाना होता. फेब्रुवारी २००९ मध्ये तिच्या मालक कंपनीने, पॅसिफिक ब्रँड्सने, १८५० नोकऱ्या कमी करून ऑस्ट्रेलियातले बहुतेक उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. काम मुख्यतः चीनला गेले. गंजिफ्रॉक मात्र दुकानात पूर्वीसारखाच मिळतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरभाडे, वीज, मुलांच्या शाळेचा खर्च कुठल्या कुठे गेला, पण कपड्यांचे भाव जवळजवळ जागचे हलले नाहीत. आपल्या धंद्याला स्पर्धा आहे ती या न हलणाऱ्या भावाशी.

आता आपले गणित मांडू. समजा, मुंबईत ८,००० डॉलरचे कुर्ते घेतले आणि जहाजाचे भाडे व विमा मिळून १,००० डॉलर झाले. ऑस्ट्रेलियात जकात मालाच्या मूळ किमतीवर लागते, भाड्यावर नाही. करार नसता तर ५ टक्क्यांनी ४०० डॉलर जकात झाली असती. मग माल, भाडे, विमा आणि जकात मिळून ९,४०० वर १० टक्के जीएसटी, म्हणजे ९४० डॉलर. करारानंतर जकात शून्य आणि जीएसटी ९,००० वर, म्हणजे ९००. एकूण बचत ४४० डॉलर. जीएसटीची नोंदणी असेल तर तो कर परत मिळतो, म्हणजे खरी बचत ४०० चीच. नोंदणीची सक्ती वार्षिक उलाढाल ७५,००० डॉलर झाल्यावर असते. क्लिअरिंग एजंटची फी आणि आयात नोंदीचा आकार मात्र खेप लहान असो वा मोठी, भरावाच लागतो. लहान खेपेत ४०० डॉलर तिथेच विरघळतात.

त्यात आणखी एक मेख आहे. १,००० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर जकात पूर्वीही नव्हती. ताईने किंवा वहिनीने पोस्टाने पाठवलेल्या चार साड्यांना एक्टाचा काहीच उपयोग नाही. आणि एकच खेप मुद्दाम तुकडे करून पाठवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, कस्टम्सवाले ती एकच धरू शकतात.

सवलत आपोआपही मिळत नाही. माल भारतीय मूळचा आहे असे अधिकृत संस्थेचे प्रमाणपत्र व्यापाऱ्याकडून मागून घ्यावे लागते. दादरच्या दुकानातून घेतला म्हणून कुर्ता भारतीय ठरेलच असे नाही, कराराच्या नियमात तो बसला पाहिजे. किरकोळ दुकानदाराला हे प्रमाणपत्र काढणे जमेलच असे नाही, तेव्हा पैसे देण्यापूर्वी विचारावे.

माझे स्वतःचे मत असे की, साधे कुर्ते, लेगिंग, टी-शर्ट यांच्या वाटेला आपण जाऊ नये. मोठ्या दुकानांनी लाखांच्या संख्येत मागवलेल्या मालाशी पाच टक्क्यांच्या बळावर झुंजता येत नाही. ज्याची लाखांत ऑर्डर कुणी देऊच शकत नाही, अशा मालात जागा आहे : येवल्याची पैठणी, इरकल, खण, सोलापूरची चादर, मापाने शिवलेला ब्लाउज. तिथे गिऱ्हाईक भाव विचारते, पण आधी पोत बघते. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात कर लावल्यावर बरेच निर्यातदार दुसऱ्या बाजारपेठा शोधू लागले. पूर्वी शंभर नगांना नाके मुरडणारा व्यापारी आता कदाचित ऐकून घेईल.

स्टॉल लहान असला तरी काही नियम चुकत नाहीत. आयात कपड्यावर कुठल्या देशात बनला ते हवे, आणि धुण्या-इस्त्रीच्या सूचनांची इंग्रजी पट्टी हवी. लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आगीच्या धोक्याचे सक्तीचे मानक आणि लेबल आहे. थंडीत खोलीत हीटर लावून मुले झोपतात, सैल सुती झबले किंवा फ्रॉक चटकन पेट घेतो. तेव्हा भारतातून आणलेला असा माल ‘नाइट ड्रेस’ म्हणून विकण्याआधी ते मानक पूर्ण होते का, हे पाहिलेच पाहिजे. घरच्या मुलांसाठीही हे ध्यानात असू द्या.

शेवटी, ज्या भगिनी विकण्याऐवजी शिवण्याचे काम घेतात त्यांच्याविषयी. कोटा संपल्यानंतर इथले शिलाई काम कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर घरांत गेले, आणि परदेशातून आलेल्या बायकांनी ते नगावर, फार कमी पैशांत केले. १९९५ मध्ये कामगार संघटनेने त्यावर अहवाल काढला, पुढे २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि घरी शिवणाऱ्या कामगारांना बहुतेक बाबतींत नोकरदारांसारखेच हक्क मिळाले. ‘तुझा एबीएन काढ, मग नगाला अमुक सेंट देतो’ असे कुणी म्हणाले तरी किमान वेतन चुकत नाही. किती तास लागले, किती नग दिले, पैसे कधी मिळाले हे एका वहीत रोज लिहून ठेवावे. फेअर वर्क ओम्बड्समनच्या कार्यालयात चौकशीला पैसे पडत नाहीत, आणि इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागता येतो.