भाड्याचा सर्व्हर
ईमेल, सामायिक फाइली, व्हिडिओ बैठका यांसाठी स्वतःचा सर्व्हर न ठेवता ती सोय भाड्याने घेणे, म्हणजे क्लाउड सेवा. मुळशी तालुक्यात अशा यंत्रणा उभारणाऱ्या कंपन्या हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये आहेत. पण गरज अधिक आहे ती पिरंगुटच्या लहान कारखान्यांना. सर्व्हर, त्याचा यूपीएस, एसी आणि बॅकअप सांभाळायला वेगळा माणूस ठेवणे त्यांना परवडत नाही. क्लाउडमध्ये दरमहा माणशी पैसे भरले की झाले. ड्रॉइंगची प्रत एकच राहते: पिरंगुटला डिझायनरने माप बदलले की चाकणच्या ग्राहकाला तेच दिसते, जुनी आवृत्तीही जपली जाते. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’ हा घोळ संपतो. निदान संपायला हवा.

माहिती देशातच साठवण्याची सोय सप्टेंबर २०१५ मध्ये वाढली. मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई इथून क्लाउड सेवा सुरू केली. २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनही मुंबईत आले. ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीची जबाबदारी मात्र २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ती गोळा करणाऱ्या कंपनीवरच टाकली आहे. म्हणून नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करणे हे मालकाचे काम. शिवाय पावसाळ्यात फायबर तुटली की सगळेच ठप्प. इंटरनेटची दुसरी जोडणी हवीच.