मण्याराचे विष आणि स्नायूंची नि:शब्दता

वैनगंगेच्या खोऱ्यातील चामोर्शी तालुक्यात, जेथे धानाच्या बांध्या घरांना लागून असतात आणि पुष्कळ माणसे जमिनीवरच अंथरूण टाकतात, तेथे रात्री संचार करणारा मण्यार विशेष घातक ठरतो. कारण त्याच्या दंशाने बहुधा ना सूज येते ना वेदना होते, आणि पहाटे पोट दुखून पापण्या मिटू लागल्या, म्हणजेच अनर्थाची पहिली वर्दी मिळते.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकाशी पोहोचला की तेथील सूक्ष्म पिशव्यांतून ॲसिटिलकोलीन हे द्रव्य स्रवते आणि ते स्नायूवरील ग्राहकांना चिकटताच स्नायू आकुंचन पावतो. तैवानमधील चांग व ली या शास्त्रज्ञांनी १९६३ साली तेथील पट्टेरी मण्याराच्या विषातून जे घटक विलग केले, त्यांपैकी अल्फा घटक, समुद्रसर्पाच्या विषाप्रमाणेच, ग्राहकांची जागा बळकावतो; बीटा घटक मात्र मज्जातंतूचे टोकच उद्ध्वस्त करतो. आपल्याकडील मण्याराचे विषही याच दुहेरी रीतीने आघात करते.

म्हणूनच नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिसर्पविष लस रक्तातील विष निकामी करते, परंतु मोडलेले टोक सांधू शकत नाही. ते पुन्हा वाढेपर्यंत श्वासपटलाचे काम कृत्रिम श्वसनयंत्राकडे सोपवावे लागते, आणि रुग्ण डोळे उघडू शकत नसला तरी पुष्कळदा सर्व ऐकत असतो. यास्तव मांत्रिकाकडे घटकाभरही न दवडता रुग्णालय गाठावे, आणि रोज रात्री मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचूनच निजावे.