तलवारीच्या कमाईतले ग्रंथ

फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराने काढलेले एक जोडचित्र आहे. तांबडी टोपी घातलेला, बाकदार नाकाचा पुरुष आणि त्याच्यासमोर फिकट चेहऱ्याची त्याची पत्नी. पुरुषाची फक्त डावी बाजू दिसते. १४५० मध्ये भाल्यांच्या खेळात त्याचा उजवा डोळा गेला होता. हा उर्बिनोचा फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो आणि ती बात्तिस्ता स्फोर्झा.

फेदेरिको १४२२ मध्ये जन्मला, तोही अनौरस. १४४४ मध्ये सावत्र भावाचा खून झाला आणि सत्ता त्याच्याकडे आली. राज्य डोंगराळ, उत्पन्न बेताचे. त्याचा खरा व्यवसाय युद्धाचा. त्या काळी इटलीतली श्रीमंत शहरे सेनापती भाड्याने घेत. किती स्वार, किती मुदत, किती रक्कम, सारे लेखी ठरे. या कराराला ‘कोन्दोत्ता’ म्हणत. म्हणून असा सेनापती ‘कोन्दोत्तिएरे’. फेदेरिको शब्दाचा पक्का म्हणून त्याचा भाव चढा होता. हा पैसा बाहेरून येई, त्यामुळे उर्बिनोच्या रयतेवर कराचा बोजा हलका राहिला.

त्याच पैशातून त्याने राजवाडा बांधला, लेखनिक नेमून हस्तलिखिते करवून घेतली. त्याच्या संग्रहात सुमारे ९०० ग्रंथ होते. मी पुस्तकांत रमणारा माणूस. असे काही ऐकले की माझे मन लगेच त्या माणसाकडे झुकते. पण १४७२ हे साल मला अडवते.

त्या जानेवारीत, अनेक मुलींनंतर, मुलगा झाला: ग्विदोबाल्दो. आई बात्तिस्ता लॅटिन आणि ग्रीक शिकलेली; नवरा मोहिमेवर असताना राज्यकारभार तीच पाही. जूनमध्ये फेदेरिको फ्लॉरेन्सच्या नोकरीत व्होल्टेराला वेढा घालून होता. वाद फटकडीच्या खाणीचा. जीविताचे आणि मालमत्तेचे अभय मिळाल्यावर शहर शरण आले. सैनिक आत शिरले आणि शहर लुटले गेले. फेदेरिकोने लूट रोखली नाही, की त्याला रोखता आली नाही, यावर इतिहासकारांचा वाद आहे. तिथली हिब्रू हस्तलिखिते मात्र त्याच्या ग्रंथालयात आली. फ्लॉरेन्सने त्याचा सत्कार केला. जुलैमध्ये बात्तिस्ता गेली, ऐन विशीत.

१४७४ मध्ये पोपने त्याला ड्यूक केले. १४८२ मध्ये फेराराच्या युद्धात तापाने तो वारला. ग्विदोबाल्दोला मूल झाले नाही; १५०८ मध्ये त्याच्याबरोबर घराण्याची ही शाखा संपली. ग्रंथ १६५७ मध्ये रोमला, व्हॅटिकनमध्ये गेले. आजही ते तिथे आहेत.

ते जपले गेले याचा मला आनंदच आहे. पण त्यांचे मोल काही अंशी व्होल्टेराच्या माणसांनी चुकवले, आणि त्यांचे चित्र कुणी काढले नाही. फेदेरिकोचे कौतुक करताना एवढी आठवण ठेवावी, असे मला वाटते.