लायसन्स-परमिट राजचे विरोधक

जानेवारी 1959. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी ऐंशी वर्षांच्या राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) ‘स्वतंत्र पक्ष’ काढला. शेतकऱ्याची जमीन त्याचीच राहावी आणि कारखानदाराला दर पावलाला दिल्लीचा परवाना लागू नये, ही मुख्य मागणी. ‘लायसन्स-परमिट राज’ हा शब्द राजाजींनीच रूढ केला.

पक्षाच्या दोन प्रमुख नेत्यांची जोडी मात्र गमतीची. राजाजी पक्के परंपरावादी. 1937 मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणणारे. मिनू मसानी मुंबईचे माजी महापौर, एकेकाळचे समाजवादी, पुढे कट्टर उदारमतवादी. राजाजींना बाजार मोकळा हवा होता, पण ताडीचं दुकान बंद! यावर तोडगा असा, की मूलभूत तत्त्वं सोडून बाकी बाबतीत सदस्यांना मतस्वातंत्र्य.

1962 मध्ये लोकसभेत 18 जागा, 1967 मध्ये 44, 1971 मध्ये जेमतेम 8. संस्थानिकांचा पक्ष हा शिक्का काही पुसला गेला नाही. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी उमेदवार असल्यावर तो पुसायचा कसा? 1974 मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला.

महाराष्ट्रात मोकळ्या बाजाराचा हा धागा शरद जोशींनी उचलला. चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या या शेतकरी नेत्याने 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने 186 मतं पडली. विरोधातलं एकुलतं एक मत जोशींचं होतं.